गेळ, पेंढरी, फेटरा : कदंब कुलातील पाच झाडांची ओळखतालिका तयार करतानाच्या नोंदी

१८ फेब्रुवारी २०२४

गडचिरोली जिल्ह्याच्या पानझडी जंगलात कदंब कुलातील, म्हणजे कॉफीच्याच रुबिएसी कुलातील, पाच झाडे एकमेकांच्या शेजारी उभी असतात आणि वर्षातील बराच काळ ती वेगळी ओळखणे अवघड जाते. गेळ, पेंढरी, फेटरा, घोगर आणि डिकेमाली ही ती पाच झाडे. गावातील जाणती माणसे त्यांना चुकत नाहीत. परंतु जंगलाची मोजणी करणारी मुले, आयुर्वेदाचे विद्यार्थी आणि वनउपज नोंदवणारे कार्यकर्ते सतत गोंधळतात. हा गोंधळ केवळ कागदावर राहत नाही. पेंढरीच्या कच्च्या फळांची भाजी होते, तर गेळाचे फळ म्हणजे आयुर्वेदातील मदनफळ, जे वमनासाठी, म्हणजे उलटी करवण्यासाठी, देतात आणि ठेचून पाण्यात टाकल्यास मासे गुंगतात. एकाच्या जागी दुसरे फळ टोपलीत आले तर त्याचे परिणाम माणसाला भोगावे लागतात, म्हणून फुले नसतानाही चालेल अशी ओळखतालिका, म्हणजे एकेक लक्षण पाहत झाडाच्या नावापर्यंत नेणारी यादी, हवी, असे या कामाचे उद्दिष्ट ठरवले आहे.

काम गावाच्या सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रात करायचे आहे. ग्रामसभेपुढे हेतू मांडला आणि कोणत्या झाडाच्या किती फांद्या तोडणार हे लिहून दिले. सभेत एका वयस्क मावशींनी विचारले की नावे लिहून झाल्यावर तो कागद गावात राहणार का. राहील असे कबूल केले आहे आणि म्हणूनच या नोंदी मराठीत ठेवत आहे. हे काम इतरत्र करणाऱ्यांनी परवानगीसाठी वेळ राखून ठेवावा. हंगामातील पहिली फुले आम्हाला त्यामुळेच मिळाली नाहीत, आणि तरीही परवानगीशिवाय सुरुवात करणे योग्य झाले नसते.

१० मार्च २०२४

जंगलात जाण्याआधी नावांचा गुंता सोडवणे भाग पडले, कारण हाताशी असलेल्या प्रत्येक यादीत याच झाडांची निरनिराळी नावे होती. पूर्ण इतिहास इथे देत नाही. ज्यामुळे आमचे काम अडले तेवढाच भाग देतो.

लिनियस यांनी १७५३ मध्ये रँडिया ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (इंग्रजीत जीनस), अमेरिका खंडातील झाडांवरून उभी केली. पुढे आशिया आणि आफ्रिका येथील काटेरी, मांसल आणि बहुबीजी फळांची झाडे तिच्यात भरली गेली. आपले गेळ आधी गार्डेनियात होते; थुनबर्ग यांनी त्याला गार्डेनिया स्पिनोझा म्हटले, रेट्झियस यांनी गार्डेनिया ड्युमेटोरम म्हटले, आणि नंतर ते रँडियात गेले. पेंढरीही त्याच वाटेने रँडिया युलिजिनोझा झाली. फेटरा मात्र गार्डेनिया टर्जिडा म्हणूनच राहिला. हूकर यांची ब्रिटिश भारताची वनस्पतिसूची आणि कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची याच मांडणीवर उभ्या आहेत, त्यामुळे आपल्याकडील जुन्या नोंदी बहुधा याच नावांनी सापडतात.

ही मांडणी विसाव्या शतकात मोडली. कीय यांनी १९५८ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील झाडे तपासताना खरी रँडिया अमेरिकेपुरतीच मर्यादित असल्याचे दाखवले आणि गेळाला काही काळ झेरोम्फिस हे नाव मिळाले. त्यानंतर तिर्वेंगडम यांनी १९७८ पासून आशियातील झाडांची फेरतपासणी केली. त्यांनी वुल्फ यांचे १७७६ मधील कॅटुनरेगम हे नाव गेळासाठी पुन्हा वापरात आणले, फेटऱ्याला गार्डेनियातून काढून सेरिस्कॉइडिस या स्वतंत्र प्रजातीत ठेवले, आणि १९७९ मध्ये सास्त्र यांच्यासह पेंढरीसाठी तमिळनाडिया ही नवी प्रजाती केली. म्हणजे आज आपण गेळाला कॅटुनरेगम स्पिनोझा, पेंढरीला तमिळनाडिया युलिजिनोझा, फेटऱ्याला सेरिस्कॉइडिस टर्जिडा म्हणतो; घोगर ही गार्डेनिया लॅटिफोलिया आणि डिकेमाली ही गार्डेनिया रेझिनिफेरा. पेंढरीला काही अभ्यासकांनी कॅटुनरेगममध्येही ठेवले आहे, त्यामुळे तेही नाव यादीत दिसल्यास घाबरू नये.

प्रत्येक झाडासाठी एक पत्रक करून त्यावर सारी जुनी नावे एकाखाली एक लिहिली. हे पत्रक नसते तर पुढचे वाचन निष्फळ ठरले असते. जुन्या सूचीतील रँडिया ड्युमेटोरम आणि नव्या सूचीतील कॅटुनरेगम स्पिनोझा यांना दोन झाडे समजून मोजल्याचे एका स्थानिक यादीत प्रत्यक्ष आढळले.

३१ मार्च २०२४

फेटरा निष्पर्ण अवस्थेत फुलला आहे. फांद्या राखाडी, काटे सरळ आणि कठीण, आणि पांढरी सुगंधी फुले आखूड फांद्यांच्या टोकांवर आलेली आहेत. एका झाडावर फुलांचे झुबके होते, तर थोड्या अंतरावरील दुसऱ्या झाडावर प्रत्येक टोकाला एकेकच फूल होते. दोन्ही झाडांची फुले उकलून पाहिली तेव्हा उलगडा झाला. फेटऱ्याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात; नर फुले झुबक्यात आणि मादी फूल एकटे येते. नर फुलात किंजपुट, म्हणजे फुलाच्या तळाशी असलेला आणि पुढे फळ होणारा भाग, जवळजवळ नसल्यासारखाच असतो, त्यामुळे किंजपुटाच्या आधारावर लिहिलेली कोणतीही ओळ नर झाडापुढे निकामी ठरते.

यावरून एक नियम ठरवला. काटेरी झाडाचा नमुना घेताना एका झाडावर थांबायचे नाही. आसपासच्या झाडांची फुलेही उकलून पाहायची आणि प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर नर, मादी की उभयलिंगी हे लिहायचे. ही माहिती नंतर सुकलेल्या फुलातून काढता येते, परंतु त्यासाठी फूल साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात उकळून मऊ करावे लागते आणि त्यात नमुन्याचे फूल खर्ची पडते.

२१ एप्रिल २०२४

ओळखतालिकेचा पहिला आराखडा फुलांवरून केला होता, कारण पुस्तकांत फुलांचे वर्णन सर्वात तपशीलवार असते. तो जंगलात टिकला नाही आणि त्याची कारणे सविस्तर लिहून ठेवणे उपयोगाचे आहे.

पहिले कारण रंग. घोगर, डिकेमाली आणि गेळ या तिन्हींची फुले पांढरी उमलतात आणि लवकरच पिवळी पडतात. एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात, म्हणून रंगाची ओळ काढून टाकली. दुसरे कारण पाकळ्यांची संख्या. घोगराच्या फुलाला पाकळ्या पुष्कळ, बहुधा नऊच्या आसपास; गेळाला पाच. हा फरक खरा आहे, पण दलपुंज, म्हणजे पाकळ्यांचे मंडल, गळून गेल्यावर तो पाहायला मिळत नाही आणि एप्रिलच्या उन्हात फुले दुपारपर्यंत खाली पडलेली असतात. तिसरे कारण सर्वात मोठे. या तालिकेचा वापर करणारी मुले मुख्यतः पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात जंगलात जातात, तेव्हा यांपैकी एकाही झाडावर फूल नसते.

फुलातील एक लक्षण मात्र ठेवले आहे. या पाचही झाडांच्या कळीत पाकळ्या एकमेकींवर एका दिशेने पिळलेल्या असतात. कळी टोकाकडून पाहिली की पीळ भिंगाशिवायही दिसतो. याच कुलातील काही काटेरी शेजाऱ्यांना वेगळे काढायला हे लक्षण पुढे लागणार आहे.

१२ मे २०२४

आजची नोंद लांब आहे, कारण या कामाचा कणा आज हाती लागला.

वर्गीकरण बदलणाऱ्यांनी गेळ आणि फेटरा यांना दोन निराळ्या प्रजातींत का ठेवले, हे बाहेरून पाहून कळत नाही. दोन्ही काटेरी, दोन्हींची पाने आखूड फांद्यांवर झुबक्याने, दोन्हींची फळे गोलसर आणि डोक्यावर निदलपुंजाचा, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या वेष्टनाचा, अवशेष घेऊन राहणारी. फरक आत आहे. किंजपुट आडवा कापला की गेळात मधोमध पडदा दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कप्पा असतो. फेटऱ्यात पडदा नसतो, सारा किंजपुट एकच पोकळी असतो आणि बीजके, म्हणजे ज्यांच्या पुढे बिया होतात ते कण, तिच्या भिंतींना लागलेली असतात. पेंढरी या बाबतीत गेळाच्या बाजूला येते, घोगर आणि डिकेमाली फेटऱ्याच्या बाजूला येतात. फेटरा इतकी वर्षे गार्डेनियात का राहिला याचे उत्तरही यातच आहे. आतून तो घोगरासारखा आहे, पण काटे आणि वेगवेगळी नर-मादी झाडे यांमुळे त्याला तिथे ठेवणे योग्य नव्हते.

प्रत्यक्ष कापताना मात्र अडचण आली. घोगराच्या वाढलेल्या फळाचा काप पाहिला तर त्यात पडदे असल्यासारखे वाटले. बीजकाधानी, म्हणजे बिया जिला चिकटलेल्या असतात ती ऊती, घोगरात भिंतीपासून आत वाढते आणि फळ मोठे होताना समोरासमोरच्या ऊती मध्यभागी टेकतात. त्यामुळे एक कप्पा असलेले फळ अनेक कप्प्यांचे भासते. आमच्या गटातील दोन विद्यार्थिनींनी एकाच फळाचे परस्परविरोधी निकाल लिहिले, आणि तपासल्यावर दोघींनी वेगवेगळ्या उंचीवर काप घेतल्याचे दिसले.

उपाय दोन ठरवले. शक्य असेल तिथे नुकत्याच उमललेल्या किंवा नुकत्याच कोमेजलेल्या फुलाचा किंजपुट कापायचा, कारण तोवर ऊती टेकलेल्या नसतात. फळच मिळाले तर वरच्या, मधल्या आणि खालच्या तिसऱ्या भागातून असे तीन काप घ्यायचे. खरा पडदा तिन्ही कापांत भिंतीशी अखंड जोडलेला दिसतो, तर टेकलेल्या ऊतींमध्ये बारीक फट कुठे ना कुठे सापडते. कापासाठी दाढीचे साधे पाते सर्वांत चांगले ठरले. स्वयंपाकघरातील सुरीने गर दबला जातो आणि फट बुजते. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे आहे. आमच्या भिंगाला सहाशे रुपयांच्या आसपास खर्च आला. स्वस्त भिंगे घेऊ नयेत, त्यांच्या कडेला प्रतिमा वाकडी दिसते.

२ जून २०२४

पेंढरी ओढ्याच्या काठी सापडली. तिच्या कोवळ्या फांद्या चौकोनी असतात, हे बोट फिरवूनही समजते, आणि काटे फांदीच्या टोकाजवळ जोडीने येतात. गेळाचे काटे मात्र फांदीच्या लांबीभर, पानांच्या बगलेत समोरासमोर असतात. काट्याच्या जागेचा हा फरक हिवाळ्यातही टिकेल, म्हणून तो तालिकेत वर आणला.

पेंढरीच्या फुलांनी थोडा वेळ खाल्ला. काही फुले मोठी आणि बिनदेठाची होती, काही लहान आणि देठाची. दोन जातींची झाडे असावीत अशी शंका गटात घेतली गेली आणि नमुने वेगळ्या क्रमांकांनी ठेवले गेले. जुन्या सूचींत या जातीला दोन प्रकारची फुले असतात असे स्पष्ट लिहिलेले सापडल्यावर ते नमुने एकत्र केले. फुलाच्या बाहेरच्या अंगावरही फरक आहे. गेळाचे फूल बाहेरून लवदार आणि आकाराने बरेच लहान. पेंढरीचे मोठे, बाहेरून गुळगुळीत, आणि घशाशी केसांचे कडे असलेले.

७ जुलै २०२४

पावसाने नमुन्यांवर बुरशी आणली. वर्तमानपत्राच्या थरांत ठेवलेली पाने काळी पडली आणि मांसल फळे आतून कुजली. सुताराकडून करून घेतलेली, नमुने दाबून सुकवण्याची प्लायवुडची दाबपेटी चांगली होती, तिला पट्ट्यांसह तेराशे रुपये लागले. दोष कागद वेळेवर न बदलला जाण्यात होता. आता पहिल्या आठवड्यात कागद रोज बदलले जातात आणि खाली दिवा लावलेल्या लाकडी खोक्यात दाबपेटी ठेवली जाते. फळे दाबायची नाहीत. मोठे फळ उभे आणि आडवे असे दोन्ही प्रकारे कापून, चकत्या वेगळ्या सुकवून, नमुन्याचाच क्रमांक लिहिलेल्या कागदी पाकिटात ठेवायच्या. काही किंजपुट सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले आहेत. बाटलीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

२५ ऑगस्ट २०२४

पाने भरपूर असल्यामुळे केवळ पानांवरून ओळख होते का ते पाहिले. होत नाही. गेळाच्या जुन्या फांदीवरील पान लहान आणि टोकाकडे रुंद असते, तर बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यावरील पान त्याच्या दुप्पट मोठे असते आणि पेंढरीच्या पानाशी सहज जुळते. गुरांनी खाल्लेल्या झुडपांवर तर दोन्ही प्रकार एकत्र दिसतात. लांबी-रुंदीची मोजमापे तालिकेतून पूर्णपणे काढली.

उपपर्णांनी, म्हणजे पानाच्या देठाच्या बुडाशी येणाऱ्या छोट्या पानासारख्या अंगांनी, मात्र निराशा केली नाही. या संपूर्ण कुलात समोरासमोरच्या दोन पानांच्या देठांमध्ये उपपर्ण असते, आणि ‘साधी, अखंड कडेची, समोरासमोर पाने आणि त्यांच्या मध्ये उपपर्ण’ हे लक्षण झाड कदंब कुलातील आहे का हे ठरवायला फुलांइतकेच भरवशाचे आहे. घोगर आणि डिकेमालीत ही उपपर्णे जोडली जाऊन खोडाभोवती नळीसारखी गुंडाळलेली असतात. गेळात ती त्रिकोणी, सुटी आणि लवकर गळणारी असतात. डिकेमालीच्या टोकाच्या कळीवर पिवळसर डिंकाचा थेंब बसलेला असतो. गावात हाच डिंक लहान मुलांच्या पोटातील जंतांवर आणि गुरांच्या जखमांवर माश्या बसू नयेत म्हणून वापरतात, त्यामुळे हे झाड दाखवायला कोणालाही तालिकेची गरज पडली नाही. काट्यांचा अभाव, नळीसारखे उपपर्ण आणि डिंकाळ कळी या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की गार्डेनिया निश्चित होते.

२० ऑक्टोबर २०२४

तालिकेचा दुसरा आराखडा घेऊन आमच्या गटाबाहेरची मुले जंगलात गेली आणि त्यांनी तपासलेल्या झाडांपैकी काही नमुने कुठेच बसेनात. ती झाडे काटेरी होती, पाने समोरासमोर होती, उपपर्णेही होती, परंतु आमच्या पाचांपैकी नव्हती. ती मेयना आणि कँथियम या प्रजातींची निघाली. पश्चिम महाराष्ट्रात मेयनाच्या एका जातीला अळू म्हणतात आणि तिची फळे बाजारात येतात. ही दोन्ही याच कुलातील आहेत, पण त्यांचा गट वेगळा. त्यांच्या कळीत पाकळ्या पिळलेल्या नसून कडेला कड टेकवून मिटलेल्या असतात, प्रत्येक कप्प्यात एकच लोंबते बीजक असते, आणि फळात गरात विखुरलेल्या अनेक बियांऐवजी मोजक्या कठीण आठळ्या असतात. कँथियममध्ये बहुधा दोन, मेयनामध्ये चार-पाच.

यावरून तालिकेची पहिली ओळच बदलली. आता सुरुवात काट्यांपासून होत नाही. फळ असल्यास ते फोडून बिया पुष्कळ आहेत की आठळ्या मोजक्या आहेत हे आधी पाहायचे. कळी असल्यास पीळ पाहायचा. काट्यांचा प्रश्न दुसऱ्या ओळीवर गेला. माझ्या मते या कुलाची कोणतीही स्थानिक तालिका करताना काटे पहिल्या ओळीत ठेवू नयेत, कारण काटे अनेक गटांत स्वतंत्रपणे आलेले आहेत आणि रँडियाचा जुना पसारा वाढण्यामागे काटे आणि मांसल फळ यांवर ठेवलेला विश्वास हेच मोठे कारण होते.

१५ डिसेंबर २०२४

एका वनस्पतिसंग्रहालयात जुने नमुने पाहिले. अनेक कागदांवर एकाखाली एक नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत, आणि मार्चमध्ये केलेले नावांचे पत्रक सोबत असल्यामुळे प्रत्येक चिठ्ठी कोणत्या मांडणीची आहे ते लगेच कळत गेले. जुनी चिठ्ठी काढून टाकायची नाही, नवी तिच्या शेजारी लावायची, ही तिथली शिस्त आम्ही आमच्या छोट्या संग्रहालाही लावली आहे.

तिथे एक गोष्ट ठळकपणे जाणवली. काटेरी झाडांचे बहुतेक जुने नमुने फुलांचे आहेत, फळांचे फार कमी, आणि नर-मादी दोन्ही एकत्र असलेले तर त्याहूनही कमी. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी युरोपात बसून अशा सुक्या फुलांवरून वर्गीकरण करणाऱ्यांना किंजपुटाचा आतला भाग आणि झाडांची लिंगभिन्नता किती अडचणीने दिसली असेल, हे त्या कागदांपुढे उभे राहून समजते. जिथे झाड वाढते तिथे राहणाऱ्याला ही दोन्ही लक्षणे वर्षभरात सहज पाहता येतात. या कुलाच्या वर्गीकरणात आपल्याकडील माणसांनी भर घालावी असे मला तीव्रतेने वाटते आणि त्यासाठी प्रयोगशाळेपेक्षा सलग वर्षभर एकाच जंगलात जाण्याची अधिक गरज आहे. डीएनएवरून झालेल्या अलीकडच्या अभ्यासांनी या गटाची मांडणी आणखी हलवली आहे; पण त्या अभ्यासांनाही नेमकी ओळख असलेले, फुलाफळांसह ठेवलेले नमुने लागतातच.

२ फेब्रुवारी २०२५

अखेरचा आराखडा आज गावात वापरून पाहिला. तो असा आहे. फळात आठळ्या मोजक्या असतील तर झाड आपल्या पाचांपैकी नाही. बिया पुष्कळ असतील तर काटे पाहावेत. काटे अजिबात नसतील आणि उपपर्णे नळीसारखी असतील तर ती गार्डेनिया. त्यातही टोकाच्या कळीवर डिंकाचा ठळक थेंब आणि चकचकीत पान असेल तर डिकेमाली, पान फार मोठे असेल तर घोगर. काटे असतील तर फळ तीन ठिकाणी आडवे कापावे. पडदा नसेल तर फेटरा. पडदा असेल, फांदी चौकोनी असेल आणि काटे टोकाजवळ जोडीने असतील तर पेंढरी. काटे फांदीभर पानांच्या बगलेत असतील तर गेळ.

जुन्या फांद्यांवरचे काटे कधी कधी झडलेले असतात, म्हणून ‘काटे अजिबात नाहीत’ असे लिहिण्याआधी त्याच झाडाचे धुमारे पाहावेत अशी सूचना त्या ओळीतच जोडली आहे. गेळ आणि पेंढरी यांच्या ओळीपुढे ठळक अक्षरांत लिहिले आहे की खाण्यासाठी फळ गोळा करताना तालिकेवर विसंबू नये आणि गावातील जाणत्या व्यक्तीला दाखवल्याशिवाय फळ शिजवू नये.

एक काम उरले आहे. डिकेमालीचा डिंक गार्डेनिया गमिफेरा या जातीतूनही मिळतो. तिची पाने जवळजवळ बिनदेठाची असतात, तर रेझिनिफेराच्या पानाला आखूड का होईना देठ असतो. परंतु पाने गळल्यावर दोघींना वेगळे करणारे लक्षण या तालिकेत नाही. मार्चपासून डिंकाळ कळ्यांच्या झाडांवर क्रमांकाचे पत्रे बांधून ठेवायचे आहेत आणि त्याच झाडांची पाने जूनमध्ये तपासायची आहेत. पत्रे तारेने न बांधता सुतळीने सैल बांधावेत, तार वाढत्या खोडात रुतते. तालिकेची एक प्रत ग्रामसभेच्या कपाटात नावांच्या पत्रकासह ठेवली आहे.